वाघाची हमी मागू नका

परीक्षा संपत आल्या की महाराष्ट्रातल्या घराघरांत ताडोब्याचं नाव निघतं. कुणीतरी रिसॉर्टला फोन लावतो आणि खोलीचं भाडं विचारायच्याही आधी विचारतो, "वाघ नक्की दिसेल ना?" समोरचा "दिसेल की" म्हणतो. त्याला खोली भरायची असते. इथेच सहल बिघडते. गेटवर पोहोचायच्या कितीतरी आधी.

वाघाची हमी कुणीही देऊ शकत नाही. वनखातं नाही, गाइड नाही, वीस वर्षं तिथे जिप्सी चालवणारा चालकही नाही. जो देतो तो खोटं बोलतो, आणि ते खोटं खरं करून दाखवण्याचा भार शेवटी चालकावर आणि गाइडवर पडतो. मग गाड्या पळतात, एकमेकींना आडव्या जातात, वाघिणीची वाट अडते.

थोडा हिशेब करा. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं कोअर (गाभा) क्षेत्र सुमारे 625 चौरस किलोमीटर, भोवतालचं बफर सुमारे 1,100. केंद्राच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोअरच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागातच पर्यटन चालतं, म्हणजे फार तर सव्वाशे चौरस किलोमीटर. 2022 च्या गणनेत देशात सरासरी 3,682 वाघ असल्याचा अंदाज निघाला, महाराष्ट्रात 444. ताडोबा प्रकल्पात शंभराच्या आत-बाहेर. या वाघांसाठी सगळं जंगल मोकळं आहे, तुमच्यासाठी त्यातले थोडे रस्ते. त्या रस्त्यांवर, तुमच्या त्या तीन-चार तासांत वाघाने यावं असा कुठलाही करार झालेला नाही.

हे मान्य असेल तर पुढे वाचा. सहल नीट आखता येते, आणि नीट आखलेली सहल वाघाशिवायही वाया जात नाही.

तारीख

ताडोबा मंगळवारी बंद असतो. कोअर क्षेत्र 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतं. या दोन गोष्टी माहीत नसताना रेल्वेची तिकिटं काढणारी माणसं दर वर्षी भेटतात. आधी दिनदर्शिका बघा, मग तिकीट.

सगळ्यांना मे महिना हवा असतो. कारण उघड आहे: झाडं निष्पर्ण, पाणवठे मोजके, म्हणून प्राणी पाण्यावर येतात आणि दिसतात. पण चंद्रपूरचा मे म्हणजे 45 अंशांच्या वरचं ऊन. उघड्या जिप्सीत सत्तरीतल्या आजोबांना आणि दोन वर्षांच्या बाळाला तीन-चार तास बसवणं हे धाडस नव्हे, निष्काळजीपणा आहे. आजोबांना दाखवायचंच असेल तर नोव्हेंबरात दाखवा. तेव्हा पहाट थंडगार असते, कानटोपी आणि शाल लागते, पण गवत उंच आणि सोनेरी असतं आणि तळ्यांवर पक्षी उतरलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, मोहाची फुलं गळू लागतात आणि ती खायला अस्वल बाहेर पडतं.

ऑक्टोबरचं जंगल हिरवंगार असतं. झाडोरा दाट, त्यामुळे प्राणी कमी दिसतात. म्हणूनच गर्दी कमी. ज्याला जंगल ऐकायचं आहे त्याने ऑक्टोबर निवडावा.

आणि शक्य असेल त्याने शनिवार-रविवार टाळावा. त्या दोन दिवशी दरही जास्त असतात आणि गाड्याही भरलेल्या. बुधवार-गुरुवारची दोन दिवसांची रजा काढणं सफारीच्या वाढीव खर्चापेक्षा स्वस्त पडतं.

गेट

ताडोब्याला एकच दार नाही. मोहर्ली चंद्रपूरहून जवळ, साधारण तीस किलोमीटर. कोलारा आणि नवेगाव चिमूरच्या बाजूला, नागपूरहून येणाऱ्यांना सोयीचे. शिवाय खुटवंडा, झरी, पांगडी. कोअरमधून आरपार गाडी घालून एका बाजूच्या मुक्कामावरून दुसऱ्या बाजूला जाता येत नाही. बाहेरून मोठा वळसा पडतो. तरीही लोक मोहर्लीत खोली घेतात आणि सफारी मिळेल त्या गेटची काढतात, मग मध्यरात्री उठून रस्ता शोधत फिरतात.

क्रम उलटा करा. आधी सफारी निश्चित करा, मग त्या गेटजवळ मुक्काम.

"बफरची सफारी मिळाली" हे वाक्य तोंड वाकडं करून म्हणायची एक पद्धत पडली आहे. ती सोडा. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा ही बफरची गेटं आहेत आणि कोअर-बफरची सीमा वाघाला कुणी शिकवलेली नाही. बफरमध्ये वाघ आहेत, बिबटे आहेत, अस्वलं आहेत. कोअर बंद असताना पावसाळ्यातही काही बफर गेटं चालू असतात. आणि बफरमधल्या गेटवर तुम्ही दिलेला पैसा त्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसांच्या रोजगारात जातो. बफर ही दुय्यम दर्जाची सफारी नाही.

दुसरं जंगल

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, चांदोली आणि मुंबईच्या कुशीतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. व्याघ्र प्रकल्पही सहा: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर. यातली तीन नावंसुद्धा न अडखळता सांगू शकणारा पर्यटक विरळा. सगळी रांग एकाच दारात.

मेळघाट हा 1973 मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. तिथे वाघ क्वचित दिसतो, पण सातपुड्याच्या दऱ्या दिसतात, गवे दिसतात, आणि नशीब असेल तर रानपिंगळा दिसतो. 1884 नंतर या छोट्या घुबडाचा मागमूसच नव्हता. ते नामशेष झालं असं सगळे धरून चालले होते. 113 वर्षांनी, 1997 मध्ये, ते शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडलं. मेळघाट आज त्याच्या महत्त्वाच्या आश्रयस्थानांपैकी एक आहे. वर्ध्याजवळचा बोर हा आकाराने लहान प्रकल्प, पण शांत. नागझिऱ्यात तळं आहे आणि तळ्याकाठची शांतता आहे. चांदोलीत सह्याद्रीचं सदाहरित रान आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने ताडोबाच निवडावा, हा हट्ट कुठून आला? फोटोंतून. प्रत्येक कुटुंबाने दोन सहलींपैकी एक तरी या इतर जंगलांत केली, तर ताडोब्यावरचा ताण हलका होईल आणि त्या जंगलांच्या कडेला राहणाऱ्यांना चार पैसे मिळतील.

बुकिंग

वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच बुकिंग करा. "तारीख भरलीय, पण माझ्याकडे जागा आहे" म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे पाठवू नका. प्रवेशपत्रावर नावं असतात, गेटवर मूळ ओळखपत्र तपासतात आणि नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. पैसे गेल्यावर गेटवरच्या कर्मचाऱ्याशी भांडून उपयोग नसतो. तो नियम पाळतोय.

प्रवेश शुल्क, जिप्सीचं भाडं आणि गाइडचं मानधन यांपैकी काय आधी भरलंय आणि काय तिथे द्यायचंय, हे आधीच पक्कं विचारून घ्या. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. सातवा भाचा ऐन वेळी बसत नाही.

सुट्टीचे दिवस असतील तर आठवडेच्या आठवडे आधी बुकिंग करावं लागतं. तात्काळ कोटा आहे, पण त्याच्या भरवशावर सहा जणांचं कुटुंब पुण्याहून निघू नये.

मुक्काम

रिसॉर्ट निवडताना तरणतलावाचे फोटो बघण्याआधी चार गोष्टी विचारा. रात्री मोठ्या आवाजात गाणी लावता का? कामाला आसपासच्या गावांतली माणसं आहेत का? कचरा कुठे जातो? कुंपण किती उंच आहे आणि ते प्राण्यांच्या वाटेत तर येत नाही ना?

जंगलाच्या कडेला लग्नाची वरात, फटाके आणि रात्रभर झगझगणारे दिवे हे प्रकार आता सर्रास चालतात. हे चुकीचं आहे, आणि ते फक्त मालकाचं चुकत नाही. तिथे खोली घेणाऱ्याचंही चुकतं. गिऱ्हाईक मिळत नाही म्हटल्यावर आवाज आपोआप बंद होतो.

गावात घरगुती राहण्याची सोय मिळत असेल तर तीच आधी बघा. भाकरी, वांग्याची भाजी आणि गावातल्या माणसाच्या तोंडून जंगलाच्या चार गोष्टी. हे कुठल्याही आलिशान तंबूत मिळत नाही.

पिशवीत काय

खाकी, करडे, मातकट, हिरवट कपडे. पांढराशुभ्र नको, लालभडक नको. अत्तर नको. उन्हाळ्यात डोक्याला पंचा किंवा टोपी, थंडीत कानटोपी आणि हातमोजे. प्यायचं पाणी पुन्हा भरता येईल अशा बाटलीत. दुर्बीण एक तरी, कॅमेऱ्याआधी. वेफर्सची पाकिटं नकोत. जंगलात खायची गरज तीन-चार तासांत कुणालाही पडत नाही, मधुमेही माणूस सोडून.

आणि मोबाइल बंद करून खोलीतच ठेवा. ताडोब्याने मोबाइलबंदी आधीच लागू केली होती. सर्वोच्च न्यायालयानेही 17 नोव्हेंबर 2025 च्या निकालात कोअर क्षेत्रातल्या पर्यटन विभागात मोबाइल वापरायला मनाई केली. कारण साधं आहे. एका गाडीला वाघ दिसला की फोन जातो आणि दहा मिनिटांत पंधरा गाड्या धुरळा उडवत तिथे येतात. शिवाय सेल्फीसाठी गाडीत उभं राहणारा, हात बाहेर काढणारा, हाका मारणारा माणूस मोबाइलनेच तयार केला. ही बंदी चांगली आहे. तिच्यावर कुरकुर करू नका.

मुलं

मुलांना घेऊन जाणार असाल तर त्यांना महिनाभर आधी तयार करा. "वाघ बघायला जायचंय" एवढंच सांगून नेलेलं मूल पहिल्या तासाभरात कंटाळतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते. त्याला दुसरं काही बघायला शिकवलेलंच नसतं.

मराठीत यासाठी सगळं हाताशी आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम करून त्याच नावाचं पुस्तक लिहिलं. मारुती चितमपल्ली वनखात्यात आयुष्य घालवून लिहीत राहिले. त्यांनी मराठीला पक्षिकोश दिला. जून 2025 मध्ये ते गेले. त्यांच्या पुस्तकांतलं एखादं प्रकरण रोज रात्री मोठ्याने वाचा. मग तेच मूल जिप्सीत बसल्यावर विचारेल की हा धावडा की ऐन, हा टकाचोर की कोतवाल, ही विष्ठा कुणाची. असं मूल रिकाम्या हाताने परत येत नाही.

मुलांना एक यादीही करून द्या. साग, मोह, तेंदू, बांबू, अर्जुन, कांडोळ. मोरघार, सर्पगरुड, नीलपंख, धनेश. चितळ, सांबर, भेकर, रोही, गवा, रानकुत्रा. यातली निम्मी तरी दिसणारच. आणि मे-जूनच्या सुमारास गेलात तर नवरंग ऐकू येईल. पाचोळ्यात उड्या मारणारा हा रंगीत पक्षी पावसाच्या तोंडावर या जंगलांत येतो.

गाइड

गाइडला "वाघ कुठाय" विचारणं सोडून बाकी सगळं विचारा. तो याच भागातला आहे. त्याचं लहानपण या रानात गेलंय. त्याला ठसा बघून नर की मादी, ताजा की कालचा, हे कळतं. मोहर्लीच्या बाजूला आता महिला गाइडही आहेत. त्यांना विचारा, या कामाने घरात काय बदललं.

त्याला आवाजांबद्दल विचारा. चितळ ओरडला तर सावध व्हायचं, पण तो कोल्ह्यालाही ओरडतो. झाडाच्या शेंड्यावरचा वानर खोकल्यासारखा आवाज काढू लागला तर त्याला वरून काहीतरी दिसलंय. सांबर ओरडला तर मात्र गाडी थांबवून इंजिन बंद करायचं. सांबर उगाच ओरडत नाही, असं इथले गाइड सांगतात. हे ऐकत अर्धा तास बसणं हीच खरी सफारी. वाघ बाहेर आला नाही तरी तो झुडपात कुठून कुठे गेला, हे तुम्ही कानांनी बघितलेलं असतं.

त्याला तारूची गोष्ट विचारा. ताडोबा तलावाच्या काठी या देवाचं ठाणं आहे. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना गेला आणि लोकांनी त्याला देव मानलं, अशी इथल्या आदिवासींची श्रद्धा. त्याच्यावरून ताडोबा हे नाव पडलं असं सांगतात. पौषात तिथे जत्रा भरायची. रस्त्याच्या कडेला उभे असलेले दगडी खांब कसले, तेही विचारा. गोंड राजांच्या काळात त्यांना दोर आणि घंटा बांधून निरोप पुढे पाठवत, असं सांगतात. त्याच तलावात मगरी आहेत. एवढं सगळं रस्त्यात असताना "आज काहीच दिसलं नाही" म्हणत गेटबाहेर पडणाऱ्याने डोळे कुठे ठेवले होते?

जामनी, नवेगाव, बोटेझरी ही नावंही विचारा. कोअरमधली ही गावं उठून बाहेर वसली. जिथे घरं आणि शेतं होती तिथे आज गवताळ कुरणं आहेत. त्या कुरणांवर चितळांचे कळप उतरतात आणि त्यांच्या मागे वाघ येतो. तुमचा सगळ्यात चांगला फोटो बहुधा कुणाच्या तरी सोडलेल्या शेतात निघतो. ज्यांनी शेत सोडलं त्यांच्याबद्दल निदान दोन प्रश्न विचारावेत, इतकं देणं लागतो आपण.

आणि बक्षिसी. ती वाघ दिसला की नाही यावर ठरवू नका. गाइडने काय सांगितलं, चालकाने गाडी किती सावकाश चालवली, यावर ठरवा. वाघ दाखवणाऱ्याला हजार आणि न दाखवणाऱ्याला शंभर, या हिशेबाने आपणच नियम मोडायची मजुरी देतो.

मे महिन्यात आणखी कोण जंगलात असतं

ज्या मे महिन्यात सफारीच्या गाड्या भरून जातात, त्याच मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया पहाटे तेंदूपत्ता तोडायला निघतात. पानं तोडायची, घरी आणून पुडे बांधायचे, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. वर्षभरात हातात रोख पैसा येण्याच्या मोजक्या आठवड्यांपैकी हे. त्याआधी मोहफुलं वेचायचा हंगाम. दोन्ही कामं वाकून करायची, आणि वाकलेला माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटू शकतो.

10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. एकाच गावच्या. त्या जिल्ह्यात ही एकुलती घटना नाही, दर उन्हाळ्यात बातम्या येतात. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्याच्या कोअरमध्ये व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तुम्ही जिप्सीत बसून जो रस्ता बघता, तो ही माणसं पायी चालतात, हातात काठी घेऊन.

म्हणून सहल आखताना या माणसांना खर्चात धरा. राज्य सरकारने 2015 मध्ये बफरच्या गावांसाठी जनवन विकास योजना आणली. घरात गॅस आला की सरपणासाठी जंगलात जावं लागत नाही, हा त्यामागचा एक विचार. विचार बरोबर आहे. पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले की बाई पुन्हा रानात जाते. तो पैसा गावात यायचा तर पर्यटकाचा खर्च गावात व्हायला हवा. मध, मोहाचे पदार्थ, बांबूच्या वस्तू, गावातलं जेवण, गावातली गाडी. शहरातून सगळं भरून आणणारा आणि सगळा पैसा शहरातल्या मालकाच्या खात्यात भरणारा पर्यटक वाघाच्या संवर्धनाला हातभार लावत नाही. तो फक्त वाघ बघून जातो.

वाघ टिकला आहे तो या माणसांनी सोसलं म्हणून. शेतात रानडुक्कर, गोठ्यात बिबट्या, वाटेवर वाघ, आणि तरीही वाघोबाला देव मानणारी ही माणसं आहेत. त्यांनी उद्या सहन करायचं थांबवलं तर कुठलाही कायदा वाघाला वाचवू शकणार नाही.

वीस मीटर

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा.

31 डिसेंबर 2024. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्ता ओलांडायला निघाली होती. दोन्ही बाजूंनी जिप्सी येऊन उभ्या राहिल्या आणि ते कुटुंब मधे अडकलं. चित्रफीत पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड निलंबित झाले.

निलंबन योग्यच. पण त्या गाड्यांत पर्यटकही होते. "आणखी थोडं पुढे घ्या" असं त्यांच्यापैकी कुणीच म्हटलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. "मागे घ्या" असं ठामपणे म्हणून गाडी मागे घ्यायला लावणारा तर एकही निघाला नाही, हे चित्रफितीत दिसतंच. चालकाची रोजीरोटी जाते. पर्यटक घरी जाऊन फोटो लावतो.

नियम अवघड नाहीत. प्राण्यापासून किमान 20 मीटर अंतर. प्राणी बघताना दोन गाड्यांमध्ये 50 मीटर. घेरायचं नाही, बोलवायचं नाही, खायला घालायचं नाही. गाडीतून उतरायचं नाही, ओरडायचं नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांतच हे आहे आणि चौथीतल्या मुलालाही कळेल इतकं सोपं आहे.

पिल्लांच्या आईची वाट अडवणं म्हणजे काय, हे समजून घ्या. ती बिथरली तर पिल्लं फुटतात, एखादं मागे राहतं. शिकारीच्या मागावर असलेल्या वाघाची वाट मोडली तर त्याची शिकार जाते, आणि बहुतेक वेळा ती तशीही जातेच. पुन्हा प्रयत्न करायला ताकद लागते. तुमचा दोन मिनिटांचा आनंद त्याला दिवसाची उपासमार देऊन जातो. माणसांच्या गर्दीला सरावलेला वाघ उद्या बफरमधल्या गावाच्या वाटेवर तितकाच बिनधास्त उभा राहू शकतो. तिथे जिप्सी नसते. तिथे सायकलवरून शाळेत जाणारी मुलगी असते.

वनखात्याने करायचं ते करावं: फेरीतल्या गाड्यांची संख्या आटोक्यात ठेवावी, नियम मोडणाऱ्या पर्यटकाचं नावही काळ्या यादीत टाकावं आणि त्याला राज्यातल्या एकाही गेटवर प्रवेश देऊ नये. आज शिक्षा बहुधा गाडीच्या पुढच्या सीटवर बसणाऱ्यांना होते. मागच्या सीटवरच्यांनाही व्हायला हवी. पण शिक्षेची वाट कशाला बघायची?

गेटमधून आत शिरण्याआधी चालकाला आणि गाइडला स्वतः सांगा: आम्हाला जवळ जायची घाई नाही, वाघ लांबून दिसला तरी चालेल, नाही दिसला तरी तुमची बक्षिसी ठरलेली आहे. एवढ्या तीन वाक्यांनी त्या दोघांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. आणि आत एखाद्या प्राण्याभोवती गाड्यांचा वेढा पडलेला दिसला, तर आपली गाडी आधी मागे घ्यायला लावा. भाडं तुम्ही दिलेलं आहे, चालक तुमचं ऐकेल. बाहेर आल्यावर वेढा घालणाऱ्या गाड्यांचे नंबर गेटवर लेखी द्या.